लोकापवाद आणि लोकनायक

लोकापवादाला आपल्या मराठीत दोन घरगुती शब्द आहेत. एक किटाळ आणि दुसरा कुलंगडे. किटाळ बाहेरून येते. ते माणसावर कोणीतरी आणलेले असते आणि खरे काय ते उघड झाले की निघून जाते. कुलंगडे मुळातच घरात असते. ते बाहेर पडायचे तेवढे राहिलेले असते. व्यवहारात आपण असे धरून चालतो की, किटाळाने पुढाऱ्याचे फारसे बिघडत नाही, आणि कुलंगडे बाहेर आले की तो लोकांच्या मनातून उतरतो. इतिहासात पाहू गेले तर हा हिशेब इतका सरळ जमत नाही. लोकांचे प्रेम नेमके कोणत्या घटकेला आटते, ते आरोपाच्या खरेखोटेपणावर ठरते की आणखी कशावर, हे पाहावयाचे असेल तर आयर्लंडचा पुढारी चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल याच्या चरित्राइतके बोधक चरित्र क्वचितच सापडेल. एकाच माणसावर, चार वर्षांच्या आत, प्रथम किटाळ आले आणि मागाहून कुलंगडे बाहेर पडले. पहिल्याने तो होता त्याहून उंच झाला. दुसऱ्याने तो वर्षाच्या आत संपला.

आयर्लंड आपल्यापासून दूर खरे. परंतु त्या देशाच्या राजकारणातले दोन शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी घरच्यासारखे रुळले होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावास जो होमरूल संघ काढला, त्याचे नाव आयर्लंडमधूनच आलेले. वंगभंगानंतर बहिष्काराची चळवळ सुरू झाली, तिला इंग्रजीत ज्या ‘बॉयकॉट’ शब्दाने ओळखीत, तो तर मेयो परगण्यातील एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचे आडनाव होय. १८८० साली कुळांनी या कॅप्टन बॉयकॉटशी बोलणे-चालणे, देणे-घेणे, त्याच्या शेतावर मजुरीस जाणे, सारे बंद केले. अशा वाळीत टाकण्याचा मंत्र त्याच साली एनिस येथील सभेत ज्याने उघडपणे सांगितला, तोच हा पार्नेल.

पार्नेलचे पुढारीपण हेच मुळी एक आश्चर्य होते. बहुसंख्य जनता कॅथलिक, हा प्रॉटेस्टंट. जनता कुळांची, हा विक्लो परगण्यातला जमीनदार. जनता बोलकी, गाणी-गोष्टींत रमणारी. हा अबोल, थंड, सभेत उभा राहिला की शब्द चाचपडणारा. १८७५ साली तो कॉमन्स सभेत शिरला आणि दहा वर्षांत त्याने आयरिश सभासदांची अशी एकजूट बांधली की, त्याच्या इशाऱ्यावर ते एकगठ्ठा मत देत. १८८१ च्या ऑक्टोबरात सरकारने त्याला किल्मेनमच्या तुरुंगात टाकले. सहा महिन्यांनी तो बाहेर आला तो अधिक मोठा होऊन. लोक त्याला आयर्लंडचा अनभिषिक्त राजा म्हणू लागले. १८८५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे ८६ सभासद निवडून आले आणि ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षाला सत्तेवर बसण्यास त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८८६ साली ग्लॅडस्टनने आयर्लंडला स्वराज्य देणारे बिल मांडले. ते ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडले, लिबरल पक्षही त्यापायी दुभंगला; तथापि इंग्लंडच्या एका प्रमुख पक्षाने आयर्लंडच्या स्वराज्याची शपथ वाहिली, ही गोष्ट कायम राहिली. ही शपथ आपण लक्षात ठेवू. पुढचा सारा खेळ तिच्यावर आहे.

आणखी एक लहानशी हकीकत येथेच सांगून ठेवतो. १८८३ साली पार्नेलची जमीन गहाण पडल्याचे कळले, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी निधी उभारण्यास आरंभ केला. रोमहून पोपच्या दरबाराने पत्र पाठवून धर्मगुरूंना या निधीत पडण्याची मनाई केली. परिणाम असा झाला की, निधी वाढतच गेला आणि वर्षअखेर ३७,००० पौंडांवर पोचला. म्हणजे जो समाज युरोपात सर्वांत धर्मनिष्ठ म्हणून गणला जाई, त्याने आपल्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यासाठी साक्षात पोपचा शब्द बाजूस ठेवला.

आता किटाळाकडे वळू. १८८२ च्या मे महिन्यात, पार्नेल तुरुंगातून सुटल्यावर अवघ्या चार दिवसांनी, डब्लिनच्या फिनिक्स बागेत लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश व त्याचा दुय्यम बर्क यांचा सुऱ्यांनी खून झाला. पार्नेलने त्या कृत्याचा जाहीर धिक्कार केला होता. परंतु १८८७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने एका पत्राचा ठसा छापला. त्यावर पार्नेलची सही होती आणि मजकूर असा की, बर्कच्या वाट्यास आले ते योग्यच होते, आपण धिक्कार केला तो केवळ राजकारण म्हणून. ज्या पत्राच्या शब्दाला सारे जग मान देई त्याने हे छापलेले; तेव्हा इंग्लंडातील सभ्य मंडळींना शंका घेण्याचे कारण वाटले नाही. पार्नेलने ते बनावट असल्याचे सभागृहात सांगितले. पण त्यावर फार थोड्या इंग्रजांनी विश्वास ठेवला.

पुढे सरकारने तीन न्यायाधीशांचे कमिशन नेमले. १८८९ च्या फेब्रुवारीत रिचर्ड पिगॉट नावाचा डब्लिनचा एक नादार पत्रकार साक्षीस उभा राहिला. पार्नेलचा वकील सर चार्ल्स रसेल याने त्याच्या हाती कागद देऊन काही शब्द लिहावयास लावले. त्यांतला एक शब्द पिगॉटने चुकीच्या अक्षराने लिहिला आणि त्या बनावट पत्रांतल्या एकात तोच शब्द त्याच चुकीच्या अक्षराने पडलेला होता! एका अक्षराने साम्राज्यातले सर्वांत प्रबळ वर्तमानपत्र तोंडघशी पडल्याचा हा प्रसंग वकिलीच्या इतिहासात अमर झाला आहे. उलटतपासणी पुरती होण्यापूर्वीच पिगॉट पळाला, त्याने गुन्हा कबूल केला, आणि १ मार्च रोजी माद्रिद शहरी, पोलीस दाराशी आले असता स्वतःला गोळी घालून घेतली. त्यानंतर पार्नेल कॉमन्स सभेत आला तेव्हा ग्लॅडस्टनसह समोरचे बाक उठून उभे राहिले. ‘टाइम्स’ला मागाहून ५,००० पौंड नुकसानभरपाई मोजावी लागली.

या घटनेने आयर्लंडात काय केले? नवे प्रेम उत्पन्न झाले असे नाही; ते होतेच. झाले ते असे की, लोकांना एक सवय लागली. पार्नेलवर लंडनहून आरोप आला म्हणजे तो खोटाच, अशी. महाराष्ट्रात या प्रकारचा अनुभव ताई महाराज प्रकरणात आलेला आहे. १९०१ पासून १९१५ पर्यंत चाललेल्या त्या खटल्यांत लोकमान्यांवर खोट्या शपथेपर्यंतचे आरोप झाले, १९०४ साली हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले आणि शेवटी प्रिव्ही कौन्सिलनेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण त्यांच्या चाहत्यांनी निकालाची वाट पाहिलीच नव्हती. आरोपामागे सरकार आहे, एवढे त्यांना पुरले. टिळकांच्या बाबतीत लोकांचा विश्वास वस्तुस्थितीला धरून ठरला. पार्नेलच्या बाबतीत पहिल्या वेळी तसाच ठरला. दुसऱ्या वेळी मात्र वस्तुस्थिती निराळी होती.

ती अशी. १८८० पासून पार्नेल हा कॅप्टन ओशे नावाच्या आयरिश सभासदाच्या पत्नीसह, कॅथरिन हिच्यासह, लंडननजीक एल्थम येथे जवळजवळ संसारच मांडून राहत होता. त्यांना मुली झाल्या. पहिली, तो तुरुंगात असताना जन्मलेली, काही आठवड्यांतच वारली. पक्षातल्या वरच्या मंडळींना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. १८८६ च्या आरंभी गॉल्वेच्या जागेसाठी पार्नेलने या ओशेला पक्षाच्या माथी मारले. ओशे पक्षाची शपथ घेण्यास तयार नसतानाही! तेव्हा बिगर आणि हीली या दोघा सभासदांनी उघड विरोध केला होता. त्या विरोधामागचे कारण पक्षात जो तो जाणून होता. ग्लॅडस्टनच्या व पार्नेलच्या दरम्यान निरोपांची ने-आण पुष्कळदा हीच ओशेबाई करी. माहिती होती, ती केवळ कोणाला नको होती.

कॅप्टन इतकी वर्षे का स्वस्थ बसला, याचे उत्तर त्या बाईच्या वृद्ध आत्याच्या मृत्युपत्रात आहे. आत्या मोठी धनवान. ती १८८९ च्या मे महिन्यात वारली आणि तिने सारी मिळकत कॅथरिनच्या एकटीच्या नावे केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पार्नेल ग्लॅडस्टनच्या घरी, हॉर्डनला, पाहुणा म्हणून गेला; पुढच्या स्वराज्य-बिलाची बोलणी झाली; त्याच्या भाग्याचा तो मध्यान्ह होता. तेथून तो परतल्यावर आठवडाही झाला नसेल, २४ डिसेंबर रोजी ओशेने घटस्फोटाचा दावा लावला आणि पार्नेलला त्यात प्रतिवादी केले.

आयर्लंडने काय म्हणावे? पिगॉटचा दुसरा अवतार! पार्नेलनेही जवळच्या मंडळींना असा भरवसा दिला की, आपल्या अब्रूस धक्का न लागता आपण यातून बाहेर पडू. मायकेल डॅव्हिट, लँड लीगचा खरा जनक, करारी माणूस, याने हा भरवसा शब्दशः घेतला. माझ्या मते पार्नेलची सर्वांत मोठी चूक ती हीच. प्रेम केले ही नव्हे. आपल्या माणसांना खोट्या आशेवर ठेवले, ही. पार्नेल व कॅथरिन यांना घटस्फोट हवाच होता, कारण त्यावाचून लग्न करता येत नव्हते. म्हणून त्यांनी बचाव केला नाही. १७ नोव्हेंबर १८९० रोजी निकाल लागला आणि भोळ्या नवऱ्याच्या घरात शिरून विश्वासघात करणारा पाहुणा, हे ओशेने रंगविलेले चित्र बिनविरोध कायम झाले. पार्नेल एकदा आगीच्या शिडीवरून उतरून निसटला, अशी एका नोकराणीची साक्ष झाली. बचावच नसल्यामुळे तिची उलटतपासणी झाली नाही आणि लंडनच्या तमासगिरांना ती शिडी वर्षभर पुरली.

यापुढचे आठ दिवस फार बारकाईने पाहण्यासारखे आहेत. आता हे किटाळ नव्हते, कुलंगडे होते. कोर्टाने शिक्कामोर्तब केलेले. तरीही पाठिंबा ढळला नाही. २० नोव्हेंबरला डब्लिनच्या लेन्स्टर हॉलमध्ये प्रचंड सभा भरून तिने पार्नेलवर एकमताने विश्वास प्रकट केला. तेथे त्याच्या समर्थनार्थ जोरकस भाषण करणारा टिम हीली हाच पंधरवड्याने त्याचा सर्वांत कडवा शत्रू ठरावयाचा होता. डॅव्हिटने आपल्या पत्रातून, पार्नेलने काही काळ दूर व्हावे, असे लिहिले. तो आवाज एकटाच राहिला. कॅथलिक बिशप गप्प होते. २५ नोव्हेंबरला आयरिश पक्षाची बैठक झाली आणि तिने पार्नेललाच पुन्हा अध्यक्ष निवडले.

श्रोतेहो, नीतीच्या दृष्टीने जे काही कळावयाचे होते ते सारे त्या दिवशी आयर्लंडास कळलेले होते. त्यानंतर पार्नेलच्या वर्तनाविषयी नवे एक अक्षरही बाहेर आले नाही. मग फिरले काय?

फिरले ते इंग्लंडात. लिबरल पक्षाचा कणा म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातली चॅपेलला जाणारी, कडव्या नीतीची मध्यमवर्गीय मंडळी. निकालाच्या आठवड्यातच शेफील्ड येथे लिबरल संघाची परिषद भरली आणि तेथे जमलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या पुढाऱ्यांस खासगीत स्पष्ट बजावले की, अशा माणसाच्या हातात हात घालून आम्ही मते मागणार नाही. ग्लॅडस्टनचे वय ८० च्या घरात. पार्नेलच्या नीतीचा न्याय करण्याचे त्याने स्वतः नाकारले. परंतु मोर्लेला लिहिलेल्या पत्रात त्याने इतके म्हटले की, पार्नेल अध्यक्षपदी राहिला तर आपले स्वतःचे लिबरल नेतृत्व जवळजवळ निरर्थक होईल. हे पत्र बैठकीपूर्वी पार्नेलला दाखवावयाचे होते. मोर्लेला तो सापडलाच नाही. फेरनिवड झाली ती पक्षाला पत्राची कल्पना नसताना. त्याच रात्री पत्र वर्तमानपत्रांकडे गेले.

लोकमत फिरले ते येथे. आठ दिवस लोकांसमोरचा प्रश्न होता : पार्नेल की ओशे? त्याचे उत्तर सोपे होते. आता प्रश्न झाला : पार्नेल की होमरूल? पुढाऱ्याला क्षमा करण्यास लोक तयार होते. परंतु त्या क्षमेची किंमत म्हणून चार वर्षांपूर्वीची ती ग्लॅडस्टनची शपथ परत द्यावी लागेल, असे दिसू लागताच क्षमा महाग झाली.

पार्नेलच्या मुत्सद्देगिरीची कमाल अशी की, त्याने हे तत्काळ ओळखले आणि प्रश्नच पुन्हा बदलण्याचा यत्न केला. २९ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात त्याने घटस्फोटाविषयी चकार शब्द काढला नाही. उलट हॉर्डनच्या खासगी बोलण्याचा, आपल्या समजुतीप्रमाणे, स्फोट केला : ग्लॅडस्टन लंडनमधील आयरिश सभासदांची संख्या १०३ वरून ३२ वर आणणार, जमिनीचा प्रश्नही आयर्लंडच्या हाती देणार नाही. म्हणजे नवा प्रश्न : आयर्लंडचा पुढारी आयर्लंडने निवडावा की एका इंग्रजाने? ग्लॅडस्टनने ही हकीकत साफ नाकारली. राष्ट्राच्या स्वाभिमानाला हात घालणारा हा प्रश्न एरवी जिंकला असता. पण विचारणारा स्वतःच्या खुर्चीसाठी विचारीत आहे, हे दिसत होते. अमेरिकेत निधी गोळा करण्यास गेलेल्या सहा प्रतिनिधींपैकी पाच जण जाहीरनामा वाचून विरुद्ध गेले.

१ ते ६ डिसेंबरपर्यंत पार्लमेंटच्या १५ नंबरच्या कमिटी-खोलीत पक्षाची बैठक चालली. अध्यक्षस्थानी स्वतः पार्नेल; तो आपल्याविरुद्धचा ठराव मतास टाकीना. शिवीगाळ झाली, हीलीने ओशेबाईवर असे वाग्बाण सोडले की हातघाईवर प्रसंग आला. अखेर जस्टिन मॅकार्थीसह ४५ सभासद उठून गेले. पार्नेलसह २८ उरले. आयर्लंडात सभागृहांची अशी एकजूट पुन्हा दहा वर्षे दिसली नाही.

पुष्कळ लेखक येथे म्हणतात की, पार्नेलला धर्मगुरूंनी पाडले. हे अर्धसत्य आहे. बिशपांचे पत्रक ३ डिसेंबरला निघाले, म्हणजे निकालानंतर सोळा दिवसांनी आणि ग्लॅडस्टनच्या पत्रानंतर आठवड्याने. ज्या जनतेने १८८३ साली पोपला जुमानले नाही, ज्या जनतेने १८८८ साली कुळांच्या चळवळीविरुद्ध आलेला रोमचा हुकूमही थंडपणे घेतला, ती आता गावच्या धर्मगुरूचे का ऐके? कारण पूर्वी धर्मगुरूचा शब्द आणि कुळाचे हित परस्परविरुद्ध होते. आता ते एका दिशेला आले. धर्माने नुसती परवानगी दिली. ओढा आधीच लागलेला होता.

पहिली कसोटी उत्तर किल्केनीच्या पोटनिवडणुकीत लागली. गंमत अशी की, विरुद्ध पक्षाने उभा केलेला सर जॉन पोप हेनेसी हा मुळात पार्नेलच्याच पसंतीचा उमेदवार. फूट पडताच तो पलीकडे गेला. ऐन थंडीत पार्नेल गावोगाव हिंडला. कॅसलकोमर येथे कोणीतरी त्याच्या डोळ्यांवर चुना फेकला; तो पट्टी बांधून भाषणे करीत राहिला. २२ डिसेंबरला मते पडली : हेनेसी २,५२७, पार्नेलचा उमेदवार १,३६२. महिन्यापूर्वी ज्याच्या नुसत्या शब्दावर उमेदवार बिनतक्रार निवडून येत, त्याची ही अवस्था. तथापि दर तीन मतदारांत एक अजूनही त्याच्याकडे होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुढील एप्रिलमध्ये उत्तर स्लायगोत तो हरला, पण ३,२६१ विरुद्ध २,४९३ अशा थोड्या अंतराने. वारे उलटते की काय असे वाटू लागले. मग २५ जून १८९१ रोजी त्याने कॅथरिनशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. इंग्रजी दृष्टीने त्यामुळे प्रकरण सभ्य झाले. कॅथलिक दृष्टीने ते बिघडले, कारण पहिला नवरा जिवंत असता दुसरा विवाह त्या धर्मात विवाहच नव्हे. जुलैत कार्लो येथे ३,७५५ विरुद्ध १,५३९ असा त्याचा धुव्वा उडाला.

डब्लिन शहराने मात्र त्याला सोडले नाही. तेथल्या कारागिरांना आणि तरुणांना होमरूल-बिलाच्या कलमांपेक्षा इंग्लंडपुढे न वाकणारा माणूस अधिक मोलाचा वाटे. आणि शेतीचा खंड भरण्याची चिंता त्यांना नव्हती. एकच लोकापवाद, एकच राष्ट्र, एकच धर्म. पण शहराने एक उत्तर दिले आणि खेड्याने दुसरे.

सप्टेंबरच्या अखेरीस क्रेग्ज गावी पावसात भिजत त्याने शेवटचे भाषण केले आणि ६ ऑक्टोबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह येथे तो वारला. त्याचा देह डब्लिनला आणून ग्लास्नेव्हिनच्या दफनभूमीत पुरला, तेव्हा लोटलेला जनसमुदाय पाहून हा हरलेला पुढारी आहे असे कोणास वाटले नसते. परंतु पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्यांपैकी फक्त ९ निवडून आले. ग्लॅडस्टनने आपली शपथ १८९३ साली पाळली. बिल कॉमन्समध्ये ३४ मतांनी पसार झाले आणि लॉर्डांच्या सभेने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेकून दिले. ज्यासाठी पार्नेलला सोडले ते हाती आले नाही. १९०० साली दुभंगलेला पक्ष पुन्हा एक झाला, तो जॉन रेडमंडच्या अध्यक्षतेखाली, म्हणजे पार्नेलच्या बाजूने शेवटपर्यंत राहिलेल्या मूठभरांपैकी एकाच्या.

१९१४ साली कॅथरिनने पार्नेलची आपणास आलेली पत्रे प्रसिद्ध केली. कॅप्टन ओशेला सर्व काही प्रथमपासून ठाऊक होते, हे त्यातून पुष्कळांना पटले. भोळ्या नवऱ्याचे ते चित्र पुसले गेले. त्याच वर्षी आयर्लंडच्या स्वराज्याचे बिल अखेर कायदा झाले आणि महायुद्ध पेटल्यामुळे ते तसेच तहकूब ठेवण्यात आले.